वीरनगरीचे धनी

नगरे वसतात आणि उजाड होतात, हा इतिहासातला नित्याचा क्रम आहे. कधी नदी पात्र बदलते, कधी शत्रू आग लावतो, कधी राजधानी दुसरीकडे हलते आणि मागे राहिलेल्या पेठा आपोआप ओस पडतात. अशा नगरांचा इतिहास कसा लिहावा हे आपल्याला ठाऊक आहे. शिलालेख असतात, नाणी असतात, खापरे असतात, कोणाच्या तरी माळ्यावर रुमालात बांधून ठेवलेले कागद असतात. आज या व्यासपीठावरून ज्या नगरीविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे, तिच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते. तिच्यात एक वीट नव्हती. ती अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या संस्थानात आहे असे सांगितले जाई, पण त्या संस्थानाच्या नकाशावर ती सापडत नाही. तरीही हजारो माणसे साडेआठ वर्षे रोज संध्याकाळी तेथे जात होती, स्नेह जोडीत होती, भांडत होती. आणि एका शुक्रवारी निघालेल्या जाहीर पत्रकाने ती नगरी बंद होणार असे कळले, तेव्हा कित्येक प्रौढ स्त्री-पुरुष डोळ्यांत पाणी आणून बसले.

या नगरीचे नाव पॅरागॉन सिटी. ज्या खेळात ती वसली होती त्याचे नाव 'सिटी ऑफ हीरोज', म्हणजे वीरांची नगरी.

वसंतातल्या ज्ञानसत्रात हा पोरखेळ कशाला, असा प्रश्न आमच्या काही वडीलधाऱ्या श्रोत्यांच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. आमच्याही मनात तो होता. परंतु या खेळाच्या कथेत एक जुना प्रश्न नव्या वेषाने उभा राहिला आहे. जागा एकाच्या मालकीची आणि वस्ती दुसऱ्याची, असे झाले म्हणजे नगर कोणाचे? कुळकायद्यापासून धरणग्रस्तांपर्यंत हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. म्हणून थोडे धैर्य करून आम्ही हा विषय घेतला.

ज्यांना अशा खेळांची माहिती नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द सांगितले पाहिजेत. हा खेळ पटावर मांडून उचलून ठेवण्याजोगा नसतो. त्याचे सारे जग कंपनीच्या मोठ्या संगणकांवर, म्हणजे सर्व्हरवर, अष्टौप्रहर चालू असते. खेळणारा आपल्या घरातून इंटरनेटच्या द्वारे त्यात शिरतो, एक सोंग घेतो, आणि त्याच वेळी शिरलेल्या इतर शेकडो सोंगांना भेटतो. आपण जेवायला उठलो तरी ते जग थांबत नाही. 'अल्टिमा ऑनलाइन' १९९७ साली आणि 'एव्हरक्वेस्ट' १९९९ साली निघाले, तेव्हापासून हा प्रकार लोकप्रिय झाला. पण त्यांतल्या बहुतेकांत तलवारी, जादूगार आणि राक्षस यांचाच भरणा होता. अंगावर मुखवटा आणि पाठीवर झूल घेऊन दुष्टांचा पाठलाग करणारा अमेरिकन सुपरहीरो १९३८ मध्ये सुपरमॅनच्या रूपाने अवतरला, आणि आपल्याकडेही १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून मुखवट्याचा वेताळ घरोघरी पोचला. परंतु ज्या जगात प्रत्येक जण स्वतःच असा वीर होईल असे जग कोणी उभारले नव्हते. कॅलिफोर्नियातील लॉस गॅटॉस येथे २००० साली निघालेल्या क्रिप्टिक स्टुडिओज या लहानशा कंपनीने ते मनावर घेतले. दक्षिण कोरियाची एनसीसॉफ्ट ही कंपनी प्रकाशक म्हणून पाठीशी उभी राहिली आणि २८ एप्रिल २००४ रोजी नगरीचे दरवाजे उघडले. दरमहा पंधरा डॉलरला एक सेंट कमी, एवढा तिचा कर होता.

नगरीची पुराणकथा अशी. रिक्टी नावाचे परग्रहवासी चालून आले, मोठा संग्राम झाला, शेकडो वीर पडले. नगरीचे भाग एकमेकांपासून राखण्यासाठी उंच तेजाच्या भिंती उभारल्या गेल्या. आता उरलेल्या नगरीला नवे वीर हवे आहेत, आणि तो नवा वीर म्हणजे आपण. कथेत विशेष काही नाही. अशा कथा शेकड्याने मिळतात. विशेष होते ते नगरीच्या व्यवस्थेत, आणि तिकडे आमच्या मते इतिहासकाराने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

पहिली गोष्ट पोशाखाची. त्या काळच्या इतर खेळांत माणसाचा वेष म्हणजे त्याची दौलत असे. ज्याने मोठा राक्षस मारला त्याला चांगले चिलखत मिळे, आणि गावात शिरताच कोण श्रीमंत आणि कोण दरिद्री हे अंगावरून कळे. वीरनगरीत वेषाचा आणि बळाचा संबंधच तोडून टाकलेला होता. नवा माणूस पहिल्याच घटकेला आपले शरीर, चेहरा, रंग, मुखवटा, बूट, हातमोजे हे सर्व हवे तसे निवडी, आणि पहिल्या पायरीवरचा वीर शेवटच्या पायरीवरच्या वीराइतकाच देखणा दिसू शके. लोक या कामात तासन् तास घालवीत. काही तर खेळापेक्षा वेषच अधिक करीत. सोंगे घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी नवे सोंग. आपल्या बहुरूप्याला हे वेड समजले असते. प्रत्येक वीराला हजारभर अक्षरांत आपले चरित्र लिहिण्याची जागा होती. ॲटलस पार्क या चौकात, पृथ्वीचा गोल खांद्यावर घेतलेल्या उंच पुतळ्याच्या पायथ्याशी, वेषांच्या स्पर्धा लागत. परीक्षक खेळाडू, स्पर्धक खेळाडू, आणि बक्षीसही खेळाडूच आपल्या पदरचे देत.

पाठीवरची झूल मात्र पहिल्यापासून मिळत नसे. खेळ निघाला तेव्हा ती मुळी नव्हतीच. २००४ च्या सप्टेंबरात ती आली, तीही विसाव्या पायरीवर पोचलेल्यांना. त्याला कारण असे जोडले होते की, रिक्टींच्या युद्धात हीरो वन नावाचा श्रेष्ठ वीर परतला नाही, म्हणून त्याच्या स्मरणार्थ नगरीतील वीरांनी झूल वर्ज्य केली आहे. झूल हलती दाखविणे हे काम तांत्रिक दृष्ट्या किचकट आहे हे आम्हांला नंतर समजले. अडचणीचे सुतकात रूपांतर करणारा तो अनाम लेखक कोणी असो, आमचे त्याला वंदन आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. नगरीत नाणे नव्हते. संकटातून सोडविलेल्या माणसाकडून वीराने पैसे घ्यायचे कसे? म्हणून 'प्रभाव' हेच चलन ठेवले होते. वीराने सत्कृत्य केले की त्याचा लोकांत प्रभाव वाढे आणि त्या प्रभावावर तो आपली साधने मिळवी. पुढे त्याचा व्यवहार पैशासारखाच होऊ लागला आणि बाजारही भरला, ही गोष्ट वेगळी.

तिसरी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शागिर्दी. या खेळांत अनुभवाने माणूस पायरी-पायरीने चढतो, आणि त्यात एक नेहमीचे दुःख असते. दोन मित्रांपैकी एकाला रोज चार तास मोकळे असतात, दुसऱ्याला आठवड्यातून दोन. महिन्याभरात पहिला इतका वर जातो की दोघांना एकत्र खेळताच येत नाही. वरच्याच्या रणात खालचा एका फटक्यात मरतो. वीरनगरीने यावर सोपा उपाय काढला. वरच्याने खालच्याला आपला शागिर्द म्हणून घ्यावे, की तो जवळ असेतोवर शागिर्दाचे बळ उस्तादाच्या खालच्याच पायरीइतके होई. दूर गेला की पुन्हा मूळपदावर. पुढे याच्या उलटही सोय झाली. थोराला लहानाच्या पायरीवर उतरता येऊ लागले. नवरा-बायको, बाप-लेक, दूर देशी गेलेले भाऊ या एका युक्तीमुळे एकत्र खेळत राहिले. आठ जणांची तुकडी होई. त्यात मार खाऊन इतरांना वाचविणारा एक, शत्रूला जागी खिळविणारा एक, लांबून आग ओकणारे एक-दोन, आणि मागे उभा राहून सर्वांना बळ पुरविणारा एक. ही वाटणी सक्तीची नव्हती. पाच प्रकारांचे वीर कसेही मिसळले तरी तुकडी बहुधा तरून जाई.

आमचा एक भाचा त्या वेळी कॅलिफोर्नियात शिकत होता. त्याचा वीर मागे उभा राहून बळ पुरविणाऱ्यांतला. सात-आठ जणांचा त्यांचा गट होता. त्यात कोणी परिचारिका, कोणी ट्रक चालविणारा, कोणी निवृत्त शिक्षिका. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. त्याला तेथे एकटे का वाटत नाही याचे कोडे आमच्या बहिणीला पुष्कळ दिवस पडले होते. ते आम्हांला उलगडले ते फार उशिरा.

आता नगरीच्या मालकीचा प्रश्न पहिल्यांदा कोर्टात कसा गेला ते पाहू. खेळ निघून सात महिनेही झाले नव्हते तोच, नोव्हेंबर २००४ मध्ये, मार्व्हल या कॉमिक्सच्या बड्या कंपनीने एनसीसॉफ्ट आणि क्रिप्टिक या दोघांवर लॉस एंजेलिस येथील केंद्र सरकारच्या न्यायालयात दावा लावला. तक्रार अशी की, या नगरीत वेष करण्याची साधने इतकी सढळ आहेत की कोणीही हल्क किंवा वुल्व्हरिन यांची नक्कल करून हिंडू शकतो. खेळाडूंच्या बाजूने सांगायचे तर काही जण तसे करीतही होते, आणि कंपनीचे लोक सापडतील ती नक्कल पुसूनही टाकीत. पण प्रश्न मोठा होता. शिंप्याने कापड विकले आणि गिऱ्हाइकाने घरी त्याचा राजाच्या अंगरख्यासारखा अंगरखा बेतला, तर दोष शिंप्याचा काय? खटल्यात एक गमतीचा प्रकार उघडकीस आला. पुराव्यादाखल मार्व्हलने जी चित्रे हजर केली होती, त्यांतली काही मार्व्हलच्याच माणसांनी खेळात शिरून स्वतः तयार केलेली होती! न्यायाधीशांनी मार्च २००५ मध्ये ती चित्रे काढून टाकली आणि दाव्यातील काही कलमेही रद्द केली. उरलेला वाद डिसेंबर २००५ मध्ये आपसांत मिटला. अटी जाहीर झाल्या नाहीत. वेष करण्याच्या साधनांत मात्र काहीही बदल करावा लागला नाही. आणि पुढची गंमत पाहा. अवघ्या नऊ महिन्यांनी, सप्टेंबर २००६ मध्ये, मायक्रोसॉफ्टने मार्व्हलच्या वीरांवर असाच एक खेळ काढण्याचे जाहीर केले, आणि तो रचण्याचे काम ज्यांच्यावर दावा झाला होता त्या क्रिप्टिककडेच आले. तो खेळ २००८ च्या फेब्रुवारीत बारगळला; त्याच्या मुशीतून क्रिप्टिकचा 'चॅम्पियन्स ऑनलाइन' २००९ साली निघाला.

दरम्यान ३१ ऑक्टोबर २००५ रोजी 'सिटी ऑफ व्हिलन्स' ही खलांची नगरी शेजारी वसली. तिच्या निमित्ताने वीर आणि खल यांनी परस्परांशी प्रत्यक्ष लढावे म्हणून काही रणक्षेत्रे खुली झाली, आणि तेथे एक विलक्षण प्रयोग घडला. न्यू ऑर्लिन्स येथील लोयोला विद्यापीठातील प्राध्यापक डेव्हिड मायर्स हे ट्विक्स्ट नावाचा वीर घेऊन अशा एका रणक्षेत्रात उतरले. त्यांनी ठरविले की, खेळाचे लिखित नियम जे सांगतात तेच आपण अक्षरशः करावयाचे. नियम सांगत होते, वीराने खलांचा पराभव करावा. प्रत्यक्षात काय चालले होते? दोन्ही बाजूंचे लोक तेथे गप्पा मारीत, मधूनमधून हौसेने एकास एक झुंज घेत, आणि बाकीचा वेळ संगणकाने चालविलेल्या प्याद्यांना मारून अनुभव गोळा करीत. ट्विक्स्ट यायचा आणि आपल्या विद्येने खलाला उचलून वीरांच्या तळाशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांपुढे टाकायचा. खल जागीच गारद. कायद्याने यात काही गैर नव्हते. पण दोन्ही पक्षांच्या लोकांनी त्याला शिव्या दिल्या, त्याच्या गटाने त्याला बाहेर काढले, धमक्याही आल्या. मायर्स यांनी २००८ मध्ये यावर निबंध लिहिला आणि २००९ साली वृत्तपत्रांनी तो विषय उचलला.

मायर्स यांचा सूर असा की, खेळाडूंचा समाज किती क्रूर आणि रूढिग्रस्त असतो हे यातून दिसते. आमचे मत निराळे आहे. धमक्यांचे समर्थन कोणी करणार नाही. पण ज्या गावात पाणवठ्यावर कोणी आधी घागर भरावी याचे संकेत चार वर्षांत ठरले आहेत, तेथे सरकारी नकाशा घेऊन आलेल्या पाहुण्याने माझा हक्क म्हणून सर्वांच्या घागरी लाथाडल्या, तर गाव काय म्हणेल? इतिहासाच्या दृष्टीने या प्रसंगाचे महत्त्व एवढेच की, २००९ च्या सुमारास वीरनगरीत कंपनीच्या नियमांखेरीज दुसरा एक अलिखित कायदा नांदत होता आणि तो मोडणाराला वाळीत टाकण्याइतका तो जिवंत होता. येथे आता नुसते गिऱ्हाईक राहत नव्हते, रयत राहत होती.

मालकी मात्र हलत होती. नोव्हेंबर २००७ मध्ये एनसीसॉफ्टने क्रिप्टिककडून नगरीचे सर्व हक्क विकत घेतले. क्रिप्टिकमधले काही कारागीर नगरीबरोबरच नव्या धन्याकडे आले. त्यांच्या संस्थेला पुढे पॅरागॉन स्टुडिओज हे नाव मिळाले. त्यांनी पुष्कळ केले. २००९ मध्ये खेळाडूंना स्वतःच्या कथा रचून इतरांना खेळायला देण्याची सोय झाली, २०१० मध्ये एक समांतर नगरी आली, आणि सप्टेंबर २०११ मध्ये कर माफ करून दरवाजे सर्वांना खुले झाले. जानेवारी २०११ मध्ये डीसीच्या वीरांचा खेळ निघाल्याने स्पर्धाही वाढली होती. भरभराटीचे दिवस मागे पडले होते हे खरे, पण नगरी बुडीत आहे असे तेथे राहणाऱ्या कोणाला वाटत नव्हते.

३१ ऑगस्ट २०१२ चा शुक्रवार. एनसीसॉफ्टने जाहीर केले की, कंपनीच्या धोरणाची फेरआखणी होत असल्याने पॅरागॉन स्टुडिओज बंद करण्यात येत आहे आणि वर्षअखेरीपूर्वी नगरीही बंद होईल. सुमारे ऐंशी माणसांची नोकरी त्याच दिवशी गेली. पुढे ३० नोव्हेंबर ही तारीख ठरली. तीन महिन्यांची मुदत! धरणाखाली जाणाऱ्या गावांना नोटिसा यापेक्षा बऱ्याच आधी मिळत.

रयतेने काय केले? वीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज कंपनीकडे गेला. नगरी विकत घेईल असा धनी शोधण्याची खटपट झाली. ८ सप्टेंबर रोजी 'व्हर्च्यू' नावाच्या सर्व्हरवर, त्याच ॲटलस पार्कात, लोक हाती मशाली घेऊन जमले. एका चौकात मावतील त्याहून माणसे जास्त झाली की खेळ त्याच चौकाची दुसरी प्रत उघडतो. त्या दिवशी अशा प्रतींमागून प्रती उघडाव्या लागल्या आणि प्रत्येकीत तोच पुतळा आणि त्याच मशाली. ऑक्टोबरात कंपनीने उत्तर दिले की, विक्रीसह सर्व पर्याय तपासून पाहिले, उपयोग झाला नाही.

उरलेल्या दिवसांत काही खेळाडूंनी जे काम केले ते आमच्यासारख्या इतिहासाच्या अभ्यासकाला नतमस्तक करणारे आहे. त्यांनी एक साधन तयार केले. ते वापरून प्रत्येकाने आपल्या वीराची नोंद, म्हणजे नाव, विद्या, पायरी, मिळविलेली बिरुदे, हे सर्व आपल्या संगणकावर उतरवून घ्यावे. वेषांच्या नोंदीही लोकांनी साठविल्या. हे कागद उद्या कोणत्या कामाला येणार? नगरीच नसेल तर तिची खानेसुमारी काय चाटायची? तरी त्यांनी दप्तर बांधले. राजवाडे गावोगाव हिंडून मराठ्यांचे कागद गोळा करीत तेव्हा पेशवाई बुडून ऐंशी वर्षे होत आली होती. येथे रयतेने नगरी बुडण्याआधीच रुमाल बांधून ठेवले.

३० नोव्हेंबरच्या रात्री, पॅसिफिक किनाऱ्यावरील मध्यरात्रीच्या सुमारास, सर्व्हर एकामागून एक बंद झाले. पुष्कळ लोक त्या वेळी पुतळ्याखाली उभे होते. समोरची माणसे जागच्या जागी थिजली आणि जोडणी तुटल्याचा संदेश आला. आपल्याकडे १ डिसेंबरची दुपार होती. आमच्या भाच्याचा दूरध्वनी आला. तो एवढेच म्हणाला, "मामा, आमचं गाव धरणात गेलं." आम्ही त्याला काही तरी पोक्त बोललो, काय बोललो ते सांगण्याची आज लाज वाटते.

यानंतरची साडेसहा वर्षे हा वीरनगरीच्या इतिहासाचा सर्वांत विचित्र कालखंड आहे. एकीकडे विस्थापितांची वस्ती पांगली. काहींनी नव्या नगरी उभारण्याचे संकल्प सोडले. त्यांतल्या 'सिटी ऑफ टायटन्स' या संकल्पाला २०१३ साली लोकवर्गणीतून साडेसहा लाखांहून अधिक डॉलर मिळाले. एका खेळाडूने असे साधन काढले की, आपल्या संगणकावर उरलेल्या फायलींच्या आधारे माणसाला रिकाम्या नगरीत एकट्याने हिंडता येई. रस्ते तेच, इमारती त्याच, पुतळा तोच; चिटपाखरू नाही. २०१५ मध्ये त्यात सुधारणा होऊन इतरांना भेटता आणि बोलता येऊ लागले. लढाई नाही, शत्रू नाही, केवळ गप्पा. पेठेचे स्मशान झाल्यावर जुने शेजारी पारावर येऊन बसावेत तसे ते दृश्य असे.

आणि दुसरीकडे? दुसरीकडे नगरी चालू होती.

एप्रिल २०१९ मध्ये ही बातमी फुटली. एका लहान मंडळापाशी नगरीची मूळ संहिता, म्हणजे तिचा सारा आज्ञासंच, पूर्वीच आलेला होता आणि त्यांनी गुप्त सर्व्हर उभारून ती जवळजवळ सहा वर्षे चालविली होती. आत निवडक लोकांना बोलावणे जाई आणि बाहेर ब्र काढायचा नाही अशी अट असे. त्यांनी नगरी नुसती जपली नव्हती; वीरांचा एक नवा प्रकारसुद्धा घडविला होता. बाहेर कोणी अशा सर्व्हरची कुणकुण लागल्याचे बोलला, तर त्याला खोटे पाडले जाई.

जो हलकल्लोळ झाला त्याची कल्पना करता येईल. सहा वर्षे आम्हांला सुतकात ठेवून तुम्ही आत पंगती झोडीत होता, असा लोकांचा आक्रोश होता. मंडळाचे म्हणणे असे की, गवगवा झाला असता तर हक्कदार कंपनीने दुसऱ्या दिवशी नोटीस पाठविली असती आणि दीप कायमचा विझला असता. या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परचक्राच्या दिवसांत देवाची मूर्ती विहिरीत लपविणाऱ्या पुजाऱ्याला कोणी चोर म्हटले नाही. परंतु तो पुजारी रिकाम्या गाभाऱ्यासमोर रडणाऱ्या गावकऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून मूर्ती भंगली असे सांगत नव्हता, आणि रात्री निवडक सोयऱ्यांना घेऊन विहिरीत पूजाही करीत नव्हता. लपविणे क्षम्य होते. सांत्वनाचे ढोंग क्षम्य नव्हते. आमच्या भाच्याच्या गटातला एक जण, ज्याच्याशी त्याने त्या डिसेंबरात रात्र-रात्र बोलून एकमेकांचे दुःख हलके केले होते, तो चौथ्या वर्षापासून आत होता, हे भाच्याला त्या एप्रिलात कळले.

लोकांच्या रेट्यापुढे संहिता बाहेर आली. काही दिवसांतच सर्वांना खुले असे सर्व्हर उभे राहिले. त्यांत 'होमकमिंग', म्हणजे घरवापसी, हे सर्वांत मोठे ठरले. त्याच्या एका सर्व्हरचे नाव 'टॉर्चबेअरर', मशालजी, असे आहे. कर नाही, खर्च खेळाडूंच्या वर्गणीतून चालतो आणि महिन्याच्या खर्चापुरते पैसे जमले की वर्गणी घेणे थांबविले जाते. जुन्या गिरण्यांच्या चाळींतल्या गणेशोत्सव मंडळांनासुद्धा असा हिशेब जमला असेल असे वाटत नाही. कायद्याने मात्र ही वस्ती अतिक्रमणच होती. जागेचा धनी एनसीसॉफ्टच होता, आणि तो कोणत्याही दिवशी बुलडोझर आणू शकत होता. पावणेपाच वर्षे त्याने तो आणला नाही. वाटाघाटी होत राहिल्या आणि ४ जानेवारी २०२४ रोजी 'होमकमिंग'ने जाहीर केले की, नगरी चालविण्याचा आणि वाढविण्याचा रीतसर परवाना एनसीसॉफ्टने आपल्याला दिला आहे. हक्क धन्याचे, वहिवाट रयतेची. ज्याला आपण कूळ लावणे म्हणतो त्याच्याशी याचे बरेच साम्य आहे. 

हा विषय घ्यायचा ठरल्यावर आम्ही स्वतः नगरीत जाऊन आलो. न पाहिलेल्या गावाचा इतिहास सांगू नये, एवढा नियम आम्ही पाळतो. भाच्याने वाट दाखविली. आम्ही पांढऱ्या दाढीचा एक वीर केला. त्यात सव्वा तास गेला आणि तो कसा गेला ते कळले नाही. ॲटलस पार्कात उतरलो तेव्हा पुतळ्याखाली पंधरा-वीस सोंगे बसली होती. एका बोळात दोघे गुंड एका बाईची पिशवी ओढीत होते. आम्ही धावलो आणि लगेच रुग्णालयात दाखल झालो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा निळ्या झुलीचा एक अनोळखी वीर आपण होऊन थांबला, शागिर्द होता का म्हणून त्याने विचारले, आणि अर्धा तास आम्हांला बोळाबोळांतून फिरविले. तो कोण, कोठला, हे आम्ही विचारले नाही. तसे विचारीत नाहीत, असे भाच्याने नंतर बजाविले.

भाच्याचा वीर २०१९ पासून पुन्हा उभा आहे. पायऱ्या पहिल्यापासून चढाव्या लागल्या, पण वेष तोच. २०१२ च्या नोव्हेंबरात उतरवून ठेवलेली फाईल उघडली आणि जुना माणूस जसाच्या तसा समोर आला. गटातले पाच जण परत आले आहेत. निवृत्त शिक्षिका आता नाहीत. जो आत होता तोही याच गटात आहे, आणि रविवारी ते एकाच तुकडीत लढतात. पुढे उभा राहून मार खाण्याचे काम त्याचे, मागून त्याला बळ पुरविण्याचे काम भाच्याचे. तो विषय त्या दोघांत अजून निघालेला नाही.